सांगलीत एक, वाईला एक

एखाद्या निवृत्त, सुस्वभावी, मंगळवारी न चुकता गणपतीला जाणाऱ्या गृहस्थाला कोणी तोंडावर सांगितलं की तुम्हाला दोन बायका आहेत, तर त्याला निदान सांगणाऱ्याशी भांडता तरी येतं. पण सांगणारं एक यंत्र असलं, आणि ते यंत्र आपल्याच सुनेनं लहानाचं मोठं केलेलं असलं, तर भांडायचं कोणाशी? सांगलीच्या गोपाळकृष्णपंतांपुढे एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जानेवारीत हा प्रश्न उभा राहिला. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेली. कालवा कुठे गळतो हे ते दुरून ओळखत. पण ही गळती त्यांच्या अनुभवाबाहेरची होती.

यंत्राचं नाव ज्ञानू. सुनेचं श्रद्धा. मिरजेच्या रस्त्याला एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ती संगणक शिकवायची, तात्पुरती. तात्पुरती म्हणजे दर मे महिन्यात तिची नोकरी मरायची आणि देवाच्या व संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात असलं तर जूनमध्ये पुन्हा जन्माला यायची. यंदा प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "एक जागा कायम होणार आहे. पण अध्यक्षांना काहीतरी दाखवा बुवा. हलणारं, चालणारं. नाहीतर पुण्याचा एक उमेदवार डोळे लावून बसलाय."

श्रद्धाकडे हलणारं-चालणारं असं एकच होतं, ते म्हणजे सई. वय पावणेदोन वर्षं. आणि खरं सांगायचं तर ज्ञानूची कल्पना सईकडे बघूनच सुचलेली. सईला कोणी शिकवायला बसलं नव्हतं. ती नुसती ऐकायची. चष्मा लावलेल्या प्रत्येक पुरुषाला ती आजोबा म्हणायची. मग एके दिवशी दूधवाल्याला चष्मा लागला. सईनं त्यालाही आजोबा म्हटलं, तो तिशीतला माणूस खट्टू झाला, आणि सईनं त्याच्याकडे बराच वेळ निरखून बघत आपलं आपणच मत बदललं. चुकायचं, आणखी ऐकायचं, मत बदलायचं. श्रद्धाला वाटलं, संगणकाला हे का जमू नये? इंटरनेटवर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय. त्यानं ते रोज वाचावं. त्यातून 'अमुक म्हणजे एक नदी', 'तमका हा ढमक्याचा मुलगा' अशा गोष्टी वेचाव्यात, आज वेचलेल्यांच्या आधारानं उद्याचं वाचावं, आणि असंच न थांबता पुढे. कोणी काही भरवायचं नाही. भरवण्याचं काम तिला घरी भरपूर होतं.

सई दुपारी झोपायची तेवढ्या वेळात, आणि सासूबाई गोदावरीबाई तिला अंगणात काऊचिऊ दाखवायच्या तेवढ्या वेळात, श्रद्धानं ज्ञानू लिहून काढला. प्राचार्यांना त्याला भारदस्त संस्कृत नाव द्यायचं होतं. त्यासाठी एक समिती नेमायचंही ठरलं होतं. पण त्याआधीच शिपाई बाळासो येताजाता म्हणायला लागले, "मॅडम, आज ज्ञानू लय वाचतोय," आणि समितीला काम उरलं नाही.

कॉलेजात इंटरनेट होतं, पण ते प्राचार्यांच्या टेलिफोनच्या तारेवर. ज्ञानू वाचायला बसला की प्राचार्यांचा फोन बंद, आणि ऑफिसात कोणी रिसीव्हर उचलला की ज्ञानूचं वाचन बंद. बाळासो दिवसातून निदान एकदा धावत यायचे. "मॅडम, फोनात कोनतरी वराडतंय!" तारेवरून वाचताना ओरडणारा ज्ञानूच असायचा, आणि बाळासोंनी फोन उचलल्यामुळे तो बिचारा अर्ध्या वाक्यात अडकलेला असायचा. प्राचार्यांच्या मंडळी तर हे दिवसभर कोणाशी बोलतात ते बघायला एकदा जातीनं येऊन गेल्या.

तरीही ज्ञानू शिकला. सुरुवातीला त्याचं मत होतं की सांगली ही हळदीची एक जात आहे आणि सातारा हा दुधाचा पदार्थ आहे. जिथे तिथे त्यानं या गावांची नावं हळद आणि कंदी पेढ्यांच्या शेजारीच वाचली होती, त्याचा काय दोष? पण पुढे त्यानं वाचलं की साताऱ्याला एस.टी. जाते, साताऱ्यात किल्ला आहे, साताऱ्यात माणसं राहतात. पेढ्यात माणसं राहत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं आणि एका सकाळी त्यानं निमूटपणे साताऱ्याला गाव करून टाकलं. श्रद्धाला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी जाऊन तिनं सईचे पापे घेतले. सईला कारण कळलं नाही, पण तिनं तक्रार केली नाही.

अध्यक्ष नाथाजीराव हे कोरेगावकडचे, उसाच्या रानात वाढलेले, बोलायला रोखठोक. त्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी प्राचार्यांना फोन केला (अर्थात ज्ञानू अर्ध्या वाक्यात अडकला). "सव्वीस जानेवारीला झेंड्याला येतो. झेंडा झाला की यंत्र बघतो. पन एक सांगून ठिवतो. कुनी त्याच्या कानात सांगायचं न्हाई. आमच्या संस्थेत पोरांस्नी कॉपी चालत न्हाई, यंत्रालाबी चालनार न्हाई. त्याचं त्यानं वाचून शिकल्यालं पायजे."

इथवर सगळं सुरळीत होतं. गोपाळकृष्णपंत सुनेचं कौतुक बघायला कॉलेजात गेले आणि मग ते तसं राहिलं नाही.

माणसाला जगातलं काहीही विचारायची मुभा दिली की तो आधी स्वतःबद्दल विचारतो. पंतांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला ओळखतो का बघू तुझा ज्ञानू." श्रद्धानं नाव टाइप केलं. ज्ञानूनं थोडा विचार केला आणि पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं. गोपाळकृष्ण, निवृत्त उपअभियंता, मुलगे अवधूत आणि अनीश. पंत प्रसन्न झाले. मग खालची ओळ आली. बायका दोन. गोदावरी, सांगली. द्वारका, वाई.

बाळासो चहा घेऊन दारात उभे होते.

"वाईला व्हय?" बाळासो आदरानं म्हणाले. "चांगलं गाव हाय."

पंत चहा न घेता उठले.

घोटाळा कसा झाला ते श्रद्धाला तासाभरात उमगलं. धाकटा दीर अनीश अमेरिकेत. त्यानं तिकडे बसून घराण्याचा कुलवृत्तांत इंटरनेटवर चढवला होता. त्यात गोपाळकृष्णांची पत्नी गोदावरी. सासूबाईंचा एक भाचा कॅनडात. त्यालाही तिकडे थंडीच्या दिवसांत दुसरं काही सुचलं नसावं. त्यानं सासूबाईंच्या माहेरचा, वाईच्या घराण्याचा, कुलवृत्तांत चढवला. त्यात कन्या द्वारका, सांगलीच्या गोपाळकृष्णांना दिली. लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात नवं नाव लिहितो, हे दोन्ही भावांना पाठ होतं, म्हणून दोघांनीही लिहिलं नव्हतं. ज्ञानूनं दोन पानं वाचली आणि त्याला एका गृहस्थाच्या दोन बायका दिसल्या. हिशेब सरळ होता.

पंतांनी घरी काही सांगितलं नाही. ते शेजारच्या सुभेदारांकडे गेले. सुभेदार म्हणजे भामाबाईंचे यजमान, पलटणीतून निवृत्त झालेले आणि सल्ला द्यायला सदैव तयार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पेन्शन जाते, पंत."

"काय?"

"सरकारी नोकर, दोन बायका, पेन्शन बंद. आमच्या युनिटात एकाची गेली. आणि हे इंटरनेट म्हणजे दिल्लीत बसून वाचतात."

"अहो पण मला एकच आहे!"

"ते तुम्ही म्हणताय. मशीन काय म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी पंत कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्राच्या खिडकीपुढे उभे राहिले. आतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.

"एकच पत्नी असल्याचं प्रतिज्ञापत्र पाहिजे?"

"हो."

"असं आजवर कोणी मागितलं नाही, काका. ज्यांना एक आहे ते येत नाहीत. ज्यांना दोन आहेत ते तर येतच नाहीत. तुम्ही का आलात?"

पंतांनी संगणक, कुलवृत्तांत, कॅनडा असं सगळं समजावून सांगितलं. रांगेतली माणसं जवळ सरकली. कारकुनानं सहानुभूतीनं मान हलवली. "बरं. पत्नींची सही लागेल. उद्या घेऊन या."

"आणतो."

"दोघींना आणा."

त्या संध्याकाळी पंत जेवणावरून अर्धवट उठले तेव्हा गोदावरीबाईंनी विचारलंच, आणि श्रद्धाला सांगावं लागलं. गोदावरीबाई आधी सुनेकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून त्यांना जे हसू लोटलं ते थांबेचना. सईही त्यांच्या मांडीवर बसून, कशाला ते न कळता, हसायला लागली.

"द्वारका? वाईची?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "बरी आहे का गं ती? पुष्कळ वर्षांत गाठ नाही."

"तुला हसू येतंय," पंत म्हणाले. "माझी उद्या गावात काय शोभा होणार आहे?"

"होऊ दे की. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल कोणी काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही."

श्रद्धानं दुसऱ्या दिवशी द्वारकेला ज्ञानूच्या डोक्यातून पुसून टाकलं. तिसऱ्या दिवशी ती परत हजर. साहजिकच होतं. ज्ञानू रोज वाचणारा. त्यानं कॅनडाचं पान पुन्हा वाचलं आणि द्वारकेला पुन्हा शिकला. सईच्या तोंडातून चप्पल काढून घेतली की ती दुसऱ्या पायातली घालते, त्यातलाच प्रकार.

पण तेवढ्यावर भागलं नव्हतं. परदेशातल्या मुलांनी चढवलेले आणखी कुलवृत्तांत ज्ञानूनं दरम्यान वाचले होते आणि त्यातून स्वतःचा असा एक नियम काढला होता. सांगलीच्या पुरुषांना दोन बायका असतात. एक सांगलीत, एक परगावी. नियम हाताशी आल्यावर तो त्याच नजरेनं पुढचं वाचायला लागला, आणि ज्या सज्जनांची एकच बायको सापडली होती त्यांच्यापुढे त्यानं 'दुसरी अजून सापडली नाही' अशी खूण करून ठेवली.

श्रद्धाला एकदम अध्यक्षांची आठवण झाली. तिनं अध्यक्षांचं नाव टाइप केलं.

नाथाजीराव, संस्थेचे अध्यक्ष. बायका दोन. विजयमाला, कोरेगाव. धोंडुबाई, आटपाडी.

विजयमालादेवी सर्वांना ठाऊक होत्या. संस्थेच्या प्रत्येक समारंभात समई त्याच लावायच्या. धोंडुबाई कोण? श्रद्धानं मूळ पान शोधलं. बंगळूरला नोकरी करणाऱ्या यशराज नावाच्या आटपाडीच्या एका मुलानं आपल्या घराबद्दल लिहिलं होतं, त्यात धोंडूआत्या, जिला कोरेगावच्या नाथाजीरावांना दिली. म्हणजे तोच प्रकार. पण सव्वीस जानेवारीला, झेंड्यानंतर, भरल्या सभेत अध्यक्ष विचारणार 'मला वळखतो का बघू', आणि ज्ञानू सांगणार. मग कायमची जागा राहिली बाजूला, जूनचा पुनर्जन्मसुद्धा गेला.

"त्यात काय," श्रद्धाचा नवरा अवधूत म्हणाला. तो वीज मंडळात इंजिनिअर, आणि त्याला प्रत्येक गोष्टीत एक फ्यूज दिसायचा. "एक नियम घालून टाक. लग्नाआधीची आणि नंतरची बाई एकच."

"ती कॉपी झाली. त्यांनी तेवढंच तर सांगितलंय, कानात सांगायचं नाही."

"मग त्याला ते कुठेतरी वाचू दे."

"कुठे वाचणार? हे कोणी लिहीतच नाही रे. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी लिहीत नाही."

गोदावरीबाई सईला वरणभात भरवत होत्या. घास हातातच ठेवून त्या म्हणाल्या, "मग लिहूया की. मला दे कागद."

पण ज्ञानू एकीचं ऐकणारा नव्हता. श्रद्धानंच त्याला तसं वळण लावलं होतं. एकाच ठिकाणी वाचलेली गोष्ट खरी धरायची नाही, वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिली असली तरच धरायची. गोदावरीबाईंना हे पटलं. शेजारीपाजारी त्यांचाही तोच नियम होता. "संक्रांतीचं हळदीकुंकू अजून व्हायचंय माझं," त्या म्हणाल्या. "हव्या तेवढ्या बायका मिळतील."

इंटरनेटवर तेव्हा ज्याला त्याला फुकट पान मिळत असे. यंदा गोदावरीबाईंच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीला असं एकेक पान द्यायचं ठरलं. भामाबाईंनी ते ऐकून विचारलं, "स्टीलचं नाही का काही?" तेव्हा सोबत एक वाटीही ठेवावी लागली.

तिळगूळ झाला, अत्तर झालं, बायका सतरंजीवर दाटीनं बसल्या, आणि श्रद्धा वही घेऊन पुढे बसली. "आपापली दोन्ही नावं सांगायची. माहेरचं आणि सासरचं. आणि माहेरच्या नावाबद्दल एखादी गोष्ट."

ज्या बायका एरवी 'नाव घ्या' म्हटल्यावर खाकरून, नवऱ्याचं नाव चालीत बांधून ऐकवायच्या त्या माना खाली घालून पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या.

"यांचं नाव घ्यायला सांगा, लगेच घेते," भामाबाई म्हणाल्या. "स्वतःचं कसलं घ्यायचं? लाज वाटते."

"घ्या हो, भामाबाई."

भामाबाईंनी चक्क घसा साफ केला, दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अहिल्या." आणि लाल झाल्या. मग कोणीतरी हसलं, आणि बांध फुटला.

एकीचं नाव नणंदेचंही तेच होतं म्हणून बदललं होतं. "आणि नणंद आठवड्यातच सासरी गेली. तिथे तिचंही बदललं. म्हणजे ज्या नावासाठी एवढं केलं ते बिचारं रिकामंच राहिलं बघा." एकीला लग्नानंतर वर्षभर नव्या नावानं हाक मारली तरी कळायचंच नाही, आणि सासूचा समज झाला होता की सून बहिरी आहे. कोपऱ्यातल्या एक वयस्क बाई नुसत्याच वर बघत होत्या. "माझं ना," त्या म्हणाल्या, "आठवतेय. तुम्ही पुढे चालू द्या. कॉफी घेतली की येईल." आणि खरंच कॉफीच्या दुसऱ्या घोटाला कप खाली ठेवून त्या ओरडल्या, "गंगू! गंगूच की!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी गोदावरीबाई सुनेकडे वळल्या. "आणि तुझं?"

"मुक्ता," श्रद्धा म्हणाली. तिच्या डिग्रीवर अजून तेच होतं.

"चांगलं होतं गं," गोदावरीबाई म्हणाल्या. "आम्ही तुला विचारलंसुद्धा नाही." आणि कुंकवाचा करंडा उगाच नीट करत बसल्या. सई मध्येच येऊन 'गंगू, गंगू' म्हणत नाचायला लागली म्हणून बरं.

पुढचे दिवस श्रद्धा दुपारी ही पानं इंग्रजीत लिहून चढवत होती आणि ज्ञानू ती वाचत होता. पहिल्यांदा त्यानं जो निष्कर्ष काढला तो तिनं दोनदा वाचला. लग्नाआधी गंगू होती, लग्नानंतर नाही. लग्नाआधी अहिल्या होती, नंतर नाही. सबब, लग्नाच्या दिवशी सांगलीत मोठ्या प्रमाणावर मुली नाहीशा होतात.

तिनं घरी सांगितलं तेव्हा गोदावरीबाई भाजी निवडत होत्या. "अगदीच चुकलं नाही हो त्याचं," त्या म्हणाल्या.

मग ज्ञानूनं आणखी वाचलं. गंगू जिथे जन्मली तिथेच ही दुसरी बाईही जन्मलेली. भाऊ तोच, आई तीच. त्यानं त्याच्या पद्धतीनं विचार केला असावा, आणि पंचवीस तारखेच्या सकाळी पडद्यावर दिसलं. गोपाळकृष्ण, पत्नी एक. श्रद्धानं सासऱ्यांना ताबडतोब कळवलं. पंतांनी दोन्ही हात जोडले आणि प्रतिज्ञापत्राचा अर्ज फाडला. फक्त सुभेदार जरा नाराज झाले. त्यांनी पुढच्या पायऱ्यांचाही विचार करून ठेवला होता.

आता अध्यक्षांचं बघावं म्हणून ती वळली, तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. बाळासो झेंड्यासाठी पताका बांधत होते. शिडी घसरली होती. बाळासो पताकांच्या दोरीला धरून सुखरूप लोंबकळत होते, पण शिडी टेलिफोनच्या तारेवर गेली होती.

"मॅडम," लोंबकळत बाळासो म्हणाले, "ज्ञानू वराडला का वो?"

ज्ञानू ओरडला नव्हता. तो गप्प झाला होता. तारवाला आला तो सव्वीसच्या सकाळी, राष्ट्रगीत चालू असताना, आणि ते संपेपर्यंत तोही सावधान उभा राहिला, मग त्यानं तार जोडली. झेंडा झाला, भाषण झालं, आणि सगळी मंडळी संगणकाच्या खोलीकडे निघाली तेव्हा ज्ञानू नुकताच वाचायला बसला होता. त्यानं काय वाचलं, कुठवर वाचलं, श्रद्धाला बघायलाही मिळालं नाही.

नाथाजीराव फेट्यात होते. विजयमालादेवींनी समई लावली, हार स्वीकारला आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, समारंभात नेहमी बसायच्या तशा. खोली गच्च भरली होती.

"हं," अध्यक्ष म्हणाले. "मला वळखतो का बघू."

श्रद्धानं नाव टाइप केलं. उत्तर इंग्रजीत यायचं आणि ती ते मराठीत वाचून दाखवणार, असं ठरलेलं. ओळी आल्या. तिनं आधी खालची बघितली. पत्नी एक. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं ती ओळ पूर्ण वाचली आणि जीव भांड्यातून परत वर आला. ज्ञानूनं लिहिलं होतं, पत्नी धोंडुबाई, यांना विजयमाला असंही म्हणतात.

विजयमालादेवींबद्दल इंटरनेटवर संस्थेच्या पानावर एवढंच होतं की त्या सोबत उपस्थित होत्या. धोंडुबाईंबद्दल भाच्यानं परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते. ज्ञानूच्या लेखी खरी बाई कोण, याबद्दल शंका नव्हती.

श्रद्धाला 'विजयमालादेवी' एवढंच वाचून पुढे जाता आलं असतं. पडदा तिच्याकडे होता. पुढच्या रांगेत प्राचार्य मान पुढे काढून बसले होते, आणि कायमची जागा ही अशी, हाताला लागेल एवढी जवळ आली होती. पण सतरंजीवर बसून भामाबाईंनी लाल होत घेतलेलं नाव तिच्या कानात होतं. आणि एवढे दिवस तिनं ज्ञानूला जे वाचायला लावलं ते तिनंच अर्धं वाचायचं?

तिनं जसं होतं तसं वाचलं.

नाथाजीरावांनी फेटा सावरला. "हे नाव कुनी सांगितलं त्याला?"

"कोणी नाही, साहेब. त्यानं वाचलं."

"खोडा ते."

"खोडलं तरी उद्या परत शिकेल, साहेब. रोज वाचतो तो."

नाथाजीरावांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी छताकडे. "बघू नंतर," असं म्हणून अध्यक्ष उठले, आणि त्यांच्यामागे सगळी खोली पोहे खायला गेली. जाता जाता प्राचार्य श्रद्धाला फक्त एवढंच म्हणाले, "बाई, हळदीच्या गावाची माहिती काढायची होती की!"

खोलीत श्रद्धा राहिली, आणि शेवटच्या खुर्चीवर विजयमालादेवी. त्या उठून, साडी सावरत, ज्ञानूपुढे येऊन बसल्या.

"काय लिवलंय माझं?"

श्रद्धानं यशराजचं पान उघडून मराठीत सांगायला सुरुवात केली. "धोंडूआत्या आजोबांबरोबर आटपाडीच्या मेंढरांच्या बाजाराला जायची. दर तीच ठरवायची. आजोबा नुसते मागे उभे राहायचे."

"खोटं हाय," बाई म्हणाल्या. "आबा म्होरं उभं ऱ्हायचं. मी मागनं बोलायची. हे त्याला सांगा."

"सांगता येत नाही, वहिनीसाहेब. लिहावं लागतं. मग तो वाचतो."

"मग लिवा." आणि खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "त्याला एक इचारायचं हुतं. माझी एक मैतरीन हुती. राही. पाऱ्याच्या मळ्यातली. माझ्या लग्नाच्या आदल्या सालात तिला जतकडं दिली. तिथं तिचं काय नाव ठिवलं कळलंच न्हाई. हितं माझं ह्ये ठिवलं. तिनं मला पत्तर धाडलं असलं तरी ते धोंडुबाईच्या नावानं आलं असल, आन् त्या नावाची बाई आमच्या वाड्यात कुनाला ठावंच न्हवती. बघा की त्याला म्हाईत हाय का."

श्रद्धानं राही, आटपाडी, जत असं सगळं टाइप केलं. ज्ञानूनं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग पडद्यावर आलं. माहीत नाही.

"न्हाई म्हनतो?"

"तिच्याबद्दल त्यानं कुठे वाचलं नाही अजून. उद्या कोणी नातवंडानं लिहिलं तर परवा सांगेल."

"रोज वाचाय बसवनार कोन त्याला?"

"मी. मेपर्यंत."

"मे झाल्यावर काय?"

"तात्पुरती आहे मी, वहिनीसाहेब."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग खिडकीशी जाऊन पडदा बाजूला केला. बाहेर नाथाजीराव हातात पोह्यांची बशी घेऊन प्राचार्यांना कारखान्याचं काहीतरी समजावून सांगत होते.

"आवं!"

नाथाजीराव बशीसकट खिडकीशी आले.

"ह्या बाई मे म्हैन्यात जात्यात म्हनं?"

"बघू की नंतर. परवा मीटिंग हाय, तवा..."

"न्हाई. बघू न्हाई."

नाथाजीरावांनी बायकोकडे पाहिलं. ती मागनं बोलत नव्हती. त्यांनी चमचा बशीत ठेवला. "बरं," ते म्हणाले, आणि मान वळवून हाक मारली, "प्राचार्य, जरा हिकडं या. ती कायमची जागा. बाईंची ऑर्डर काढा."

बाईंनी पडदा सोडला आणि परत ज्ञानूपुढे येऊन बसल्या. हार त्यांच्या गळ्यात तसाच होता. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

"इचारा पुन्यांदा."

"एवढ्यात काही नवं वाचलं नसेल त्यानं."

"इचारा तर."

श्रद्धानं पुन्हा टाइप केलं. राही, आटपाडी, जत. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. माहीत नाही.

"ऱ्हाऊ द्या," धोंडुबाई म्हणाल्या, आणि खुर्ची आणखी जरा पुढे ओढली. "उद्या इचारू."